मेंढीकोट ऑनलाइन करायचंय. चौथा भिडू मधेच गेला तर?

पत्तेपिसणारा
रविवार, रात्री १०:४०

मंडळी, गेली दोन वर्षं ऑफिस सांभाळून रात्री मोबाइलसाठी मेंढीकोटचा खेळ करतोय. दोन-दोन भिडूंच्या जोड्या, दस्से म्हणजे मेंढ्या, आणि चारही मेंढ्या घेतल्या की मेंढीकोट. युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी तुम्ही एकटे आणि समोर तीन कॉम्प्युटर भिडू, एवढंच होतं. गेल्या दिवाळीत घरच्यांसाठी हॉटस्पॉटवर चार फोन जोडायची सोय केली. एका फोनवर डाव मांडायचा आणि बाकी तिघांनी त्याच्या हॉटस्पॉटवर यायचं. कसब्यातल्या घरी माजघरात सतरंजीवर बसून आत्या, काका, दादा आणि मी रात्री दोनपर्यंत खेळलो.

आता आत्या कोल्हापूरला, दादा नागपूरला आणि काका वारज्यात. दर रविवारी आत्याचा फोन येतो, "तुझा तो खेळ इकडून लागेल का रे?" लागत नाही. हॉटस्पॉट एका खोलीपुरता.

तर प्रश्न असे. फोटॉन किंवा फायरबेससारखी तयार सेवा घ्यावी की स्वतःचा सर्व्हर लिहावा? हॉटस्पॉटसाठी लिहिलेला कोड तसाच इंटरनेटवर चालवता येईल का? महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च झेपणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी अनुभव सांगा. ज्यांनी करून सोडून दिलंय त्यांचे अनुभव तर जास्तच हवेत.

---

मंडईचौक
रविवार, रात्री १०:५२

फोटॉन घ्या. युनिटीत बसतं, खोल्या तयार मिळतात, एका शनिवार-रविवारात चार फोन एकमेकांशी बोलायला लागतील. आधी आत्यांना खेळू द्या, बाकीचं मग बघा.

---

सर्व्हरवाला
रविवार, रात्री ११:३५

मंडईचौक म्हणतात ते चूक नाही. चार फोन दोन दिवसांत बोलायला लागतात. पण ते बोलायचे थांबतात तेव्हा काय करायचं, यातच पुढचे दोन महिने जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळाची जात बघा. शर्यत, गोळीबार अशा खेळांत सगळे एकाच वेळी हलत असतात. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीरही बोचतो. मेंढीकोट पाळीचा खेळ. पान टाकायला माणूसच पाच-सात सेकंद घेतो, त्यात पान पोचायला पाव सेकंद लागला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे यूडीपीच्या, म्हणजे वेगवान पण निरोप पोचेलच अशी हमी नसलेल्या पद्धतीच्या, वाटेला जाऊ नका. टीसीपीवरचं वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, पुरे. टीसीपीत डेटाचं एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. शर्यतीच्या खेळाला हे मारक आहे. तुम्हाला मात्र पानं क्रमानेच पोचायला हवीत, त्यामुळे ही तुमच्यासाठी सोयच आहे.

डेटाचंही ओझं नाही. एका डावात ५२ पानं पडतात. प्रत्येक पान चौघांना कळवायचं म्हणजे २०८ निरोप. एक निरोप १०० बाइटचा धरला तरी सगळा डाव वीस-एकवीस किलोबाइटमध्ये उरकतो. व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटो याहून कितीतरी मोठा असतो.

आता हॉटस्पॉटचा कोड. खेळाचे नियम, पानं, चित्रं सगळं ठेवा. पण 'एका फोनवर डाव मांडायचा' ही रचना इंटरनेटवर नेऊ नका. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे दादांच्या फोनला तुमच्या फोनचं दार बाहेरून ठोठावताच येत नाही. मधल्या एखाद्या सर्व्हरने निरोप इकडून तिकडे पोचवले तरी दोन दुखणी उरतात. डाव मांडणारा उठला की सगळ्यांचाच डाव मोडतो. आणि चौघांची पानं त्याच्या फोनच्या मेमरीत असतात. माजघरात कोणी कोणाच्या मेमरीत डोकावत नाही, इंटरनेटवर डोकावणारे भेटतात.

म्हणून पत्ते सर्व्हरनेच पिसायचे आणि ज्याची तेरा पानं त्यालाच पाठवायची. फोनने फक्त विचारायचं, "मी चौकटचा दस्सा टाकू का?" रंग पाळलाय की नाही हे सर्व्हर तपासेल आणि मगच पान खाली पडेल.

---

बावन्नपानी
सोमवार, सकाळी ७:१०

सर्व्हरवाल्यांना अनुमोदन. पिसण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण इथे बरेच जण फसतात.

५२ पानं लावण्याचे प्रकार ८ वर ६७ शून्यं इतके आहेत. पिसताना ३२ बिटांचं बीज, म्हणजे रँडमचा सुरुवातीचा आकडा, घेऊन साधा रँडम वापरलात तर त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी वाटपं निघतात. आकडा मोठा वाटतो, पण आपली तेरा पानं बघून उरलेली ओळखायला कॉम्प्युटरला एवढं काम सहज जमतं. बीज घड्याळावरून घेतलं असेल तर आणखी सोपं. फिशर-येट्सच्या, म्हणजे प्रत्येक पानाची उरलेल्यांतल्या एकाशी अदलाबदल करायच्या, पद्धतीने पिसा आणि आकडे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित रँडममधून घ्या. दहा ओळींचं काम आहे.

---

कॅरमवेडा
सोमवार, सकाळी ९:२५

"पाळीचा खेळ म्हणजे सोपा" असं कोणी धरून चालू नये म्हणून माझी गोष्ट सांगतो. मी कॅरम केला. तोही पाळीचाच, एक मारतो आणि दुसरा बघतो. मला वाटलं, स्ट्रायकरची जागा, दिशा आणि जोर एवढं पाठवलं की समोरच्या फोनवर तोच फटका तसाच बसेल.

खराडीतल्या आमच्या खोलीत टेबलावर दोन फोन शेजारी ठेवले, एक नवा आणि एक मित्राच्या आईचा जुना. डाव्या फोनवर मारलं. दोन्हीकडे सोंगट्या फुटल्या, सुरुवातीला हुबेहूब. राणी उजव्या कोपऱ्याकडे निघाली. डाव्या फोनवर पॉकेटात पडली आणि उजव्या फोनवर काठावर येऊन थांबली. मित्र म्हणाला माझी पाळी, मी म्हणालो राणी घेतली, आता कव्हर घेतो. दोघंही आपापल्या स्क्रीनवर बोट ठेवून बोलत होतो आणि दोघांचंही खरं होतं.

कारण दशांशाचं गणित. वेगवेगळ्या प्रोसेसरवर, वेगळ्या पद्धतीने कंपाइल झालेल्या कोडमध्ये अपूर्णांकाचं उत्तर शेवटच्या आकड्यात हललं तरी पुरतं. एक सोंगटी केसभर सरकते, ती दुसरीला जरा वेगळ्या कोनात लागते, आणि पाचव्या टकरीपर्यंत पटच निराळा झालेला असतो.

आधी मी मारणाऱ्याच्या फोनचा निकाल खरा मानला. मग काहींनी ॲपमध्ये फेरफार केला आणि त्यांच्या प्रत्येक फटक्यात तीन-तीन सोंगट्या पडायला लागल्या. शेवटी सगळं गणित पूर्णांकांत लिहून काढलं. जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात, अपूर्णांक कुठेच नाही. फटका संपला की दोन्ही फोन पटाच्या स्थितीवरून एक आकडा काढतात आणि सर्व्हर तो ताडून बघतो. चार महिने गेले, पण आता राणी दोन्हीकडे एकाच जागी असते.

फक्त चाली पाठवायच्या आणि खेळ प्रत्येकाने आपापल्याकडे चालवायचा, ही कल्पना जुनीच. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स असाच चालायचा, म्हणून शेकडो सैनिक तेव्हाच्या संथ २८.८ केबीपीएसच्या मॉडेमवरून खेळवता यायचे.

---

मंडईचौक
सोमवार, सकाळी ९:४०

राणीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. कॅरमवेडा, तुमच्या खेळाचं नाव कळवा, आजच घेतो.

---

निवृत्तबाई
सोमवार, दुपारी ३:०५

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता सहकारनगरला घरी असते आणि फोनवर भरपूर पत्ते खेळते. खेळणारीच्या बाजूने सांगते, चालेल ना?

परवाचीच गोष्ट. दुसऱ्या एका ॲपवर खेळत होते. तीन दस्से हातात, हुकूम माझ्या रंगाचा झालेला. असा हात वर्षातून एकदा येतो. तेवढ्यात सुनेचा फोन आला, "आई, गॅस बंद केलाय ना?" वीस सेकंदही बोलले नसेन. परत येऊन बघते तर पाटी, "तुम्ही खेळ सोडला आहे." आणि वर माझे गुण कापलेले. मी कुठे सोडला होता? मी तर इथेच बसले होते, त्याच खुर्चीत.

नंतर वाटलं, माझ्या भिडूला तिकडे काय दिसलं असेल? त्याला वाटलं असेल की बाई उठून गेल्या. मला गुणांपेक्षा त्याचंच जास्त लागलं. आमच्या वाड्यात डावातून कोणी उठलं तर पानं पालथी ठेवून जायचं आणि बाकीचे थांबायचे. फोन घेऊन येईपर्यंत कोणी कोणाला उठवून लावत नसे.

पत्तेपिसणारा, तुमचा खेळ मोठा होवो न होवो. माझी खुर्ची तेवढी राखून ठेवा.

---

सर्व्हरवाला
सोमवार, रात्री ९:१५

बाई, तुम्ही लिहिलंत तोच या विषयाचा गाभा आहे. मी काल जे लिहिलं ते त्यापुढे किरकोळ.

यात पडद्यामागे काय होतं ते सांगतो. फोन आला की ॲप मागे जातं. आयफोन तर मागे गेलेलं ॲप थोड्याच वेळात गोठवतो. अँड्रॉइडवरही बॅटरी वाचवण्यासाठी आवळतच नेलंय. गोठलेलं ॲप सर्व्हरला उत्तर देत नाही आणि सर्व्हर त्याचा अर्थ 'गेले' असा लावतो. दुसरा प्रकार म्हणजे घराबाहेर पडलात, वायफाय सुटलं, मोबाइल डेटा लागला. फोनचा पत्ता बदलला, जुनी टीसीपी जोडणी मेली. पण ती मेली हे सर्व्हरला लगेच समजत नाही, तो जुन्याच पत्त्यावर निरोप टाकत बसतो.

म्हणून जोडणी वेगळी आणि खुर्ची वेगळी, हे पहिल्या दिवसापासून कोडमध्ये पाळायचं. डाव सुरू होताना प्रत्येकाला खुर्चीची चिठ्ठी द्यायची, एक लांब गुप्त आकडा, तो फोनमध्ये जपून ठेवायचा. जोडणी तुटली तरी खुर्ची त्याचीच. नवी जोडणी आली आणि चिठ्ठी दाखवली की सर्व्हरने पूर्ण स्थिती पुन्हा पाठवायची: हातातली पानं, खाली पडलेली पानं, हुकूम, कोणाचे किती हात, पाळी कोणाची. मधले सुटलेले निरोप एकेक करून पाठवायच्या खटपटीत पडू नका. डाव एवढा लहान आहे की सगळा चितारून पाठवणं सोपं आणि बिनचूक.

फोनने पाठवलेल्या प्रत्येक चालीवर क्रमांक हवा. पान टाकलं, उत्तर यायच्या आत रेंज गेली, परत आल्यावर फोनने तेच पान पुन्हा पाठवलं, तर सर्व्हरने क्रमांक बघून ओळखायचं की हे आधीच आलंय. नाहीतर एका पाळीत दोन पानं पडतील आणि भांडणं होतील.

आणि वेळ मोजायचं घड्याळ सर्व्हरचंच. फोनचं घड्याळ वापरणारा मागे-पुढे करू शकतो.

---

तांबडीमाती
सोमवार, रात्री १०:००

वाट बघायची ठीक, पण किती? बाकीचे तिघंही माणसंच आहेत. तीस सेकंद थांबून त्याच्या जागी कॉम्प्युटर बसवावा, आला की त्याला खुर्ची परत. बरेच मोठे खेळ हेच करतात.

---

वऱ्हाडीठसका
सोमवार, रात्री १०:२०

कॉम्प्युटर बसवाल, पण कुठल्या नियमानं खेळवाल? आमच्या नागपूरकडे घरोघरी नियम वेगळे. कट हुकूम खेळता की बंद हुकूम? ज्याच्याकडे पहिल्यांदा उतरीचा, म्हणजे हाताच्या पहिल्या पानाचा, रंग नसेल त्यानं टाकलेलं पान हुकूम, हे कट. आणि एक पान पालथं दाबून ठेवायचं, गरज पडली की "उघडा" म्हणायचं, हे बंद. आता "उघडा" म्हटल्यावर हाती हुकूम असला तर मारलाच पाहिजे, असं आमच्या आजीचं. सासुरवाडीत मात्र मर्जी तुमची. याच्यावरून लग्नानंतरची पहिली दिवाळी गाजली होती आमची.

---

पिंपळपान
सोमवार, रात्री १०:३१

कोकणात आम्ही बंदच खेळतो. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर सात हात करणाऱ्याचा डाव. कोणी अजून लाडीस खेळतं का हो?

---

वऱ्हाडीठसका
सोमवार, रात्री १०:४४

लाडीसचा वेगळा धागा काढा पिंपळपान, मी येतो.

---

निवृत्तबाई
सोमवार, रात्री ११:०२

तांबडीमाती, कॉम्प्युटर बसवायला माझी ना नाही. पण वऱ्हाडीठसका यांच्यामुळे एक सुचलं. कट हुकमात सगळ्या पाळ्या सारख्या नसतात. पहिल्यांदा रंग नसल्याची पाळी म्हणजे हुकूम करायची पाळी, आख्खा डाव त्या पानावर ठरतो. ते पान कॉम्प्युटरने माझ्या वतीने टाकलं आणि मी परत येऊन बघितलं की इस्पिक हुकूम झालाय आणि माझ्याकडे इस्पिकचं चिटपाखरू नाही, तर खुर्ची परत मिळून काय उपयोग? साध्या पाळीला थोडं थांबा, हुकमाच्या पाळीला जास्त थांबा.

---

सर्व्हरवाला
सोमवार, रात्री ११:१०

बारा वर्षं हेच काम करतोय, पण थांबायची वेळ पाळीच्या वजनावर ठरवावी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाई, नमस्कार घ्या.

---

सोनचाफा
मंगळवार, सकाळी ८:३०

मी करून सोडून दिलेल्यांपैकी, म्हणून लिहिते. माझा शब्दांचा खेळ होता. पहिली चूक अशी की 'कोणाही अनोळखी माणसाशी खेळा' हे बटण पहिल्याच आवृत्तीत ठेवलं.

हिशेब करून बघा. दिवसाला ३०० माणसं खेळतात आणि प्रत्येक जण वीस मिनिटं खेळतो असं धरा. झाली ६००० मिनिटं. जागेपणाचे सोळा तास म्हणजे ९६० मिनिटं. भागलं तर एका वेळी सरासरी सहा माणसं येतात. मेंढीकोटाला चार लागतात. म्हणजे ३०० माणसांच्या खेळातही दुपारी तीन वाजता कसंबसं एक टेबल लागेल. 'भिडू शोधत आहोत' असं गोल फिरणारं चक्र बघत माणूस चाळीस सेकंद थांबतो, ॲप बंद करतो, आणि पुन्हा येत नाही. माझ्याकडे असंच झालं. खेळ चांगला होता हो. दार उघडल्यावर आत कोणी नव्हतं, एवढंच.

दुसरी चूक बिलाची. डाव बदललाय का हे बघायला प्रत्येक फोन दर सेकंदाला सर्व्हरवरून सगळा डाव वाचायचा. चार फोन म्हणजे तासाला १४,४०० वाचनं, एका टेबलाची. जिथे ठेवलं होतं तिथली रोजची फुकट मर्यादा दुपारपर्यंत संपायची, पुढे मीटर चालू. महिनाअखेरचा आकडा नवऱ्याला दाखवायचं धाडस दोन दिवस झालं नाही. फोनने विचारत बसू नये, बदल झाला की सर्व्हरनेच कळवावं. आणि खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

---

कॅरमवेडा
मंगळवार, सकाळी ९:०५

सोनचाफा, मनापासून लिहिलंत. रिकाम्या खोलीचं दुःख मीही काढलंय. मी नंतर रात्री ९ ते १० हा तास ठरवून दिला आणि सगळ्यांना सांगितलं की या वेळी या. दिवसभर विखुरलेली माणसं एका तासात आली की टेबलं भरतात. खरा भिडू मिळाला नाही तर कॉम्प्युटर देतो, पण त्याच्यावर 'कॉम्प्युटर' असं लिहितो. माणसाचं खोटं नाव लावत नाही.

---

मंडईचौक
मंगळवार, दुपारी १:१५

दहा-दहा रुपये लावून खेळायची सोय ठेवली तर सर्व्हरचा खर्च निघेल का? ओळखीत एकाने सुचवलं म्हणून विचारतोय.

---

बावन्नपानी
मंगळवार, दुपारी १:३२

अजिबात नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. आणि कायदा नसता तरी नकोच म्हटलं असतं. आमच्या ओळखीतलं एक घर यात धुऊन निघालेलं पाहिलंय. मेंढीकोट हा घरचा खेळ आहे, तो घरचाच राहू द्या.

---

सर्व्हरवाला
मंगळवार, दुपारी २:००

शंभर टक्के सहमत.

गप्पांची सोय ठेवणार असाल तर तेही तपासा. वापरणाऱ्यांनी एकमेकांना काहीही लिहायची सोय दिली की प्ले स्टोअर आणि ॲपल दोघंही तक्रार करायची आणि त्या माणसाला रोखायची सोय मागतात. आणि आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. पत्त्यांच्या खेळात नातवंडं येणारच. तेव्हा फोन नंबर मागू नका, जन्मतारीख मागू नका, एक टोपणनाव पुरे.

---

पिंपळपान
मंगळवार, दुपारी २:२०

मोकळं लिहायच्या ऐवजी तयार वाक्यं द्या ना! "वा रे भिडू!", "हुकूम काढा की आता", "मेंढी सांभाळा", "अहो, पान टाका, भात करपतोय". यात कोणी कोणाला वाईट बोलूच शकणार नाही.

---

निवृत्तबाई
मंगळवार, दुपारी २:४१

"सुनेचा फोन आहे, आलेच" हे वाक्य माझ्यासाठी घाला.

---

तांबडीमाती
मंगळवार, रात्री ८:५०

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं, तयार सेवा की स्वतःचा सर्व्हर. फायरबेसचा रिअलटाइम डेटाबेस फुकट योजनेत एका वेळी १०० जोडण्या देतो, म्हणजे २५ टेबलं. घरच्यांना पुरून उरेल. त्याचं भारतात केंद्र नाही, सर्वांत जवळचं सिंगापूर. फायरबेसचाच दुसरा डेटाबेस, फायरस्टोअर, मुंबईतून मिळतो. पत्त्यांना दोन्ही चालतं.

मी मात्र स्वतःचा लहान सर्व्हर सुचवेन. नुसत्या डेटाबेसवर भिस्त ठेवलीत तर नियम तपासायचा कोड शेवटी वेगळा कुठेतरी चालवावाच लागतो. शिवाय तयार सेवा बंद पडतात. युनिटीने खेळाडू जोडायची आपली जुनी यूनेट पद्धत २०१८ मध्ये मोडीत काढायचं जाहीर केलं, गूगल प्ले गेम्सची बहुखेळाडू सेवा ३१ मार्च २०२० ला थांबली. ज्यांचे खेळ त्यावर उभे होते त्यांना सगळं नव्याने लिहावं लागलं. तयार पण आपल्या मशीनवर ठेवता येईल असं हवं असेल तर नाकामा बघा, मुक्त स्रोत आहे. तुमच्या चालींच्या संख्येला महिन्याला हजाराच्या आतलं भाड्याचं मशीन पुरेल.

एक विसरू नका. पहिल्या निरोपातच ॲपची आवृत्ती पाठवा. आत्या ॲप अपडेट करणार नाहीत, दादा करतील, आणि दोघं एका टेबलावर बसले की जुन्या नियमाचं ॲप नव्या सर्व्हरशी अडखळेल. जुन्या आवृत्तीचं ॲप आलं तर सर्व्हरने स्वच्छ मराठीत सांगावं की अपडेट करा.

---

सोनचाफा
मंगळवार, रात्री ९:१०

आणि चाचणी घरच्या वायफायवर करू नका. कर्जत-लोणावळा घाटात गाडीत बसून करा. बोगदा आला की रेंज जाते, गाडी बाहेर आली की येते, पुन्हा जाते. तिथे टिकलं तर कुठेही टिकेल.

---

पत्तेपिसणारा
पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:३०

मंडळी, उशिरा आलो, पण करून आलो.

तांबडीमाती यांचं ऐकलं. स्वतःचा छोटा सर्व्हर, वेबसॉकेट, मुंबईतलं भाड्याचं मशीन, खर्च ठरवलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. 'अनोळखी भिडू शोधा' हे बटण नाही. सहा अक्षरांचा कोड आपल्या माणसांना पाठवायचा आणि यायचं. खोली उघडताना कट की बंद, "उघडा" म्हटल्यावर हुकूम सक्तीचा की मर्जीचा, हे निवडायचं. साध्या पाळीला ४५ सेकंद, हुकमाच्या पाळीला दोन मिनिटं. त्यानंतर बाकीच्या तिघांना विचारतो, "थांबूया की कॉम्प्युटर बसवूया?" तिघांनी बसवा म्हटलं तरच बसतो, आणि माणूस परतला की त्याच क्षणी उठतो.

सोनचाफा, घाटात जाऊन आलो. मी आणि बायको सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला निघालो, घरी दोघं टेबलावर. खंडाळ्यानंतर पहिल्याच बोगद्यात माझी जोडणी तुटली आणि बाहेर आल्यावर हातात तेराच्या तेरा पानं परत, जरी चार मी आधीच टाकली होती! वाटलेला हात आणि उरलेला हात यांत माझा गोंधळ झाला होता. तिथेच लॅपटॉप उघडून दुरुस्त केलं. कर्जत येईपर्यंत सात वेळा तुटलं, सात वेळा जुळलं.

मागच्या रविवारी खरा डाव झाला. आत्या, काका, दादा, मी. दुसऱ्या डावात आत्यांची पाळी, हुकमाचीच. आणि त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला. खाली ओळ आली, "आत्या येतायत…". फोनवर कळलं की कोल्हापुरात वीज गेली, वायफाय गेलं, आणि अंधारात मोबाइल डेटा कसा सुरू करायचा ते त्या शेजारच्या मुलाला विचारत होत्या. आम्ही तिघं नुसतं त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत बसलो. एक मिनिट दहा सेकंद. मग हिरवा झाला आणि बदामचा राजा खाली पडला. दादाने लगेच तयार वाक्य दाबलं, "वा रे भिडू!" डाव त्यांनीच नेला, मेंढीकोट करून.

बाई, तुमचं "सुनेचा फोन आहे, आलेच" हे वाक्य यादीत चौथं आहे. आज रात्री ९ ला इथल्या मंडळींसाठी एक टेबल उघडतोय, ज्यांना यायचंय त्यांनी इथेच हात वर करा, कोड निरोपात पाठवतो.

---

वऱ्हाडीठसका
शनिवार, संध्याकाळी ६:४८

हात वर. सक्तीचा हुकूम ठेवा, आजीची शपथ आहे.

---

कॅरमवेडा
शनिवार, संध्याकाळी ७:०५

मीही. वऱ्हाडीठसका, आपण भिडू.

---

निवृत्तबाई
शनिवार, रात्री ८:५६

मी आत आलेय. गॅस बंद आहे, सुनेला सांगून ठेवलंय. बाकी तीन खुर्च्या अजून रिकाम्या दिसतायत, सावकाश या, मी बसलेय. तोवर एवढं सांगा, कट की बंद?